पोढी आणि पाऊलवाट : एकाकी चारिकेचा एक दिवस

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांत कोरलेली कार्ले, भाजे, बेडसे आणि शेलारवाडी येथील लेणी आपल्या समाजाला अपरिचित नाहीत. या लेण्यांतील चैत्यगृहांची भव्यता, स्तंभांवरील शिल्पे आणि दानलेख यांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. तथापि या लेण्यांपर्यंत भिक्खू कसा येत असे, एकट्याने डोंगर ओलांडताना त्याचा दिवस कसा जात असे आणि त्या दिवसाला समाजाचा कोणता आधार होता, या प्रश्नांकडे फारसे लक्ष गेलेले नाही. हे प्रश्न वरवर साधे वाटले तरी त्यांचा संबंध एका मोठ्या प्रश्नाशी आहे, असे आमचे मत आहे.

तो मोठा प्रश्न बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच उपस्थित केला आहे. तथागतांनी भिक्खू कशासाठी निर्माण केला? केवळ स्वतःची परिपूर्णता साधणारा मनुष्य घडविण्यासाठी, की लोकांची सेवा करणारा, त्यांचा मित्र आणि मार्गदर्शक होणारा समाजसेवक घडविण्यासाठी? बाबासाहेबांच्या मते या प्रश्नाच्या उत्तरावर धम्माचे भवितव्य अवलंबून आहे. डोंगरातील लेणी पाहून अनेकांना वाटते की उत्तर पहिल्याच बाजूचे आहे. माणसांना टाळून कड्याकपारीत जाऊन बसलेल्या विरक्तांची ही स्थाने, असा समज शालेय पुस्तकांतून आणि सहलींच्या माहितीपत्रकांतून रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात हा समज आम्ही पायवाटेवरून तपासून पाहणार आहोत.

कोरडे आठ महिने

भिक्खूच्या वर्षाचे दोन भाग असत. पावसाळ्याचे तीन महिने त्याने एका ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम. उरलेल्या काळात त्याने चारिका करावी. इसिपतनात पहिले साठ भिक्खू तयार झाल्यावर तथागतांनी त्यांना बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी निरनिराळ्या दिशांना पाठविले व एका वाटेने दोघांनी जाऊ नये असे सांगितले, हे विनयपिटकातील महावग्गावरून आपणांस ठाऊक आहे. एकट्याने चालण्याची आज्ञा आणि लोकहिताचे प्रयोजन या दोन्ही गोष्टी तेथे एकाच उपदेशात आल्या आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सुत्तनिपातातील खग्गविसाणसुत्तात एकाकी विहाराची थोरवी गायिली आहे. परंतु शहाणा आणि सदाचारी सोबती मिळाल्यास त्याच्यासह जावे, अशी मुभाही त्याच सुत्तात आहे. म्हणजे एकाकीपण हे व्रत नव्हे, ती कार्याची गरज होती. साठ माणसे साठ वाटांनी गेली म्हणजे धम्म साठ गावांत पोहोचतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा एकटेपणा स्त्रियांना उपलब्ध नव्हता. भिक्खुणीने एकटीने गावोगाव जाणे, एकटीने नदी ओलांडणे हा विनयानुसार गंभीर अपराध होता. वाटेवरील धोके हे त्याचे कारण सांगितले जाते. कारण काहीही असो, वाट सर्वांना सारखी खुली नव्हती हे इतिहास लिहिताना लपविता येणार नाही.

चारिका पावसाळ्याबाहेरची, म्हणजेच कोरड्या ऋतूतील, या गोष्टीचा सह्याद्रीच्या संदर्भात फार मोठा अर्थ आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे पासष्ट किलोमीटरांवरील पुण्यात तो सातशेच्या आसपास येतो आणि पुढे पूर्वेस त्याहूनही कमी होतो. घाटमाथ्यावरील पाऊसदेखील काळ्या कातळावरून वाहून जातो. हा दगड घट्ट असून पाणी सहजासहजी मुरू देत नाही. श्रावणात ज्या कड्यावरून शंभर धारा कोसळतात, त्याच कड्याखाली फाल्गुनात ओंजळभर पाणी मिळण्याची मारामार होते. गवत वाळून पिवळे पडते, वणवे लागतात, झरे आटतात आणि तापलेला कातळ रात्रीपर्यंत ऊब सोडतो. पावसाळ्यात हिरवे दिसणारे हे डोंगर वर्षाचे निदान पाच महिने जवळजवळ मरुभूमी असतात. भिक्खूला सह्याद्री भेटत असे तो या रूपात.

आज आपण नेमके उलट करतो. भाज्याचा धबधबा पाहावयास आषाढ-श्रावणात हजारो लोक जातात. सर्वत्र पाणी वाहत असताना लेण्यांच्या कडेचे चौकोनी टाके कोणाच्या नजरेत भरत नाही. भरले तरी त्याचे प्रयोजन कळत नाही. ज्या ऋतूत भिक्खू स्थिर असे त्या ऋतूत आपण जातो आणि ज्या ऋतूत तो चालत असे त्या ऋतूत आपण घरी बसतो. त्यामुळे चैत्यगृह आपल्याला दिसते, टाके दिसत नाही.

तहान हा वाटेवरील खरा शत्रू आहे, याची जाणीव विनयकारांना होती. भिक्खूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई आणि कमरबंद यांच्यासोबत पाणी गाळण्याचे वस्त्रही येते. चुल्लवग्गात त्याविषयी एक हृदयद्रावक कथा आहे. कोसल देशात दोन भिक्खू प्रवासास निघाले. एकाच्या वर्तनाविषयी दुसऱ्याने बोल लावला, म्हणून पहिल्याच्या मनात अढी बसली. पुढे बोल लावणाऱ्याला तहान लागली. त्याच्याजवळ गाळणे नव्हते. त्याने ते सोबत्याकडे मागितले आणि सोबत्याने दिले नाही. गाळल्याविना पाणी प्यावयाचे नाही, या निष्ठेपायी तो तहानेने मरण पावला. तथागतांनी गाळणे नाकारणाऱ्याची कठोर निर्भर्त्सना केली, वाटेवर मागितलेले गाळणे नाकारू नये असा नियम केला आणि गाळण्याविना लांबच्या प्रवासास निघू नये असेही सांगितले. गाळणे नसल्यास चीवराच्या टोकाने पाणी गाळण्याची सवड दिली. वाटेवर पाणी नाकारणे म्हणजे प्राण घेणे, हा या कथेचा अर्थ आहे. तो आमच्या पुढील विवेचनाचा पाया आहे.

कार्ले ते बेडसे

आता एका दिवसाची वाट पाहू. कोकणातील बंदरांवरून बोरघाट चढून आलेला एकटा भिक्खू माघ-फाल्गुनात कार्ल्याच्या लेण्यात रात्रीचा मुक्काम करून पहाटे निघाला आहे, असे समजू. कार्ले, भाजे आणि बेडसे यांमधील अंतर सरळ रेषेत प्रत्येकी सुमारे सहा किलोमीटर आहे. चढउतार आणि वळणे धरली तरी सशक्त माणसाला एका दिवसात पुरी करता येईल अशी ही वाट आहे.

कार्ल्याचे प्राचीन नाव वलूरक. तेथील चैत्यगृह सुमारे अडतीस मीटर लांब असून भारतातील कोरीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे आहे. नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव वलूरकच्या लेण्यांतील प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी दिल्याचे येथील लेखात म्हटले आहे. हे दान विशिष्ट भिक्खूंना नसून चारी दिशांहून येऊन तेथे वर्षावास करणाऱ्या संघाला होते. चातुर्दिश संघ ही कल्पना वाटसरूच्या दृष्टीने समजून घेतली पाहिजे. कोणत्याही दिशेने आलेला, कोणाच्याही ओळखीचा नसलेला भिक्खू तेथे परका ठरत नाही, असा तिचा अर्थ होतो.

पहाटे कार्ल्याचा डोंगर उतरून वाटसरू इंद्रायणीच्या खोऱ्यात येतो. खोऱ्यात गावे आहेत. मध्यान्हीपूर्वी भोजन आटोपावयाचे असल्याने भिक्षाटन सकाळीच करावे लागते आणि भिक्षेसाठी गाव लागते. विनयाचा हा एकच नियम लक्षात घेतला तरी माणसांपासून पळून गेलेल्या विरक्ताची कल्पना ढासळते. रोज सकाळी ज्याला गावात जाऊन उभे राहावयाचे आहे, तो गावापासून फार दूर राहूच शकत नाही. लेणी डोंगरात आहेत, पण ती खोऱ्यातील गावांच्या आणि घाटवाटेच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. त्यांचे स्थान गावाबाहेरचे खरे, गावापलीकडचे नव्हे.

खोरे ओलांडून वाटसरू विसापूरच्या पायथ्याच्या भाज्यास पोहोचतो. भाज्याची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. त्यामुळे सकाळी तेथे सावली असते. येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानले जाते. जवळच चौदा दगडी स्तूपांचा समूह आहे. येथे राहून गेलेल्या थेरांच्या स्मृत्यर्थ ते उभारले गेले. त्यांपैकी काहींवर नावे कोरली आहेत : धम्मगिरी, संघदिन, अंपिकिणक. आणि येथेच एका टाक्याजवळ महारठी कोसिकीपुत विण्हुदत याचा लेख आहे. त्याने दिलेली वस्तू मूर्ती नव्हे, सोने नव्हे. त्याने दिले ते एक टाके. लेखातील शब्द आहे 'पोढी'.

हा शब्द आपल्या परिचयाचा व्हावयास हवा. पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांच्या लेखांत तो पुन्हा पुन्हा येतो. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात नहपानाचा अमात्य वच्छगोत्री अयम याने वर्ष ४६ मध्ये दिलेल्या दानातही पोढी आणि मंडप आहेत. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. डोंगरउतारावर खोदलेल्या पन्हाळींतून पावसाचे पाणी त्यात उतरते. अनेक टाक्यांची तोंडे अरुंद आणि आतील पोकळी कातळाखाली पसरलेली असते. सूर्य आत पोहोचत नसल्याने पाणी थंड राहते व त्याची वाफ कमी होते. आषाढातील पाणी वैशाखापर्यंत राखून ठेवण्याची ही विद्या आहे. ज्या दगडात पाणी मुरत नाही, त्याच दगडाच्या त्या दोषाचा येथे गुण करून घेतला आहे.

भाज्याहून वाट चढते. लोहगड आणि विसापूर यांमधील खिंड पार करून वाटसरू दक्षिणेच्या, पवनेच्या अंगाला येतो आणि डोंगराच्या कडेकडेने पूर्वेस वळतो. दिवसाचा हा सर्वांत कठीण भाग होय. भोजनाची वेळ टळली आहे, ऊन डोक्यावर आले आहे, वस्ती खाली राहिली आहे आणि सोबतीला कोणी नाही. एकाकी चारिकेची परीक्षा अशा चार तासांत होते. भय, थकवा, परत फिरण्याचा मोह हे सर्व येथे भेटतात. बौद्ध परंपरेने त्यांनाच माराची सेना म्हटले आहे.

या प्रसंगी ह्युएन त्संगाची आठवण येणे स्वाभाविक आहे. इसवी सनाच्या सातव्या शतकात भारताकडे निघालेल्या या चिनी भिक्खूने चीनच्या सरहद्दीपलीकडचे वाळवंट एकट्याने, एका म्हाताऱ्या घोड्यासह ओलांडले. वाटेत पाण्याची पखाल हातातून निसटून सारे पाणी सांडले. तो काही अंतर माघारी फिरला. पण पश्चिमेस पोहोचल्याशिवाय पूर्वेकडे पाऊल टाकणार नाही हा संकल्प आठवून त्याने पुन्हा तोंड वळविले. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब न मिळता तो चालत राहिला आणि शेवटी घोड्यानेच त्याला पाण्यापाशी नेले, असे त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात सांगितले आहे. हाच प्रवासी पुढे दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात आला आणि येथील शंभरांहून अधिक विहारांची व पाच हजारांवर भिक्खूंची नोंद करून गेला. वाळवंटात त्याला जे मिळाले नाही, ते महाराष्ट्राच्या कोरड्या डोंगरांत वाटेवाटेवर तयार होते. तेथे त्याला योगायोगाने पाणी सापडले. येथे ते कोणीतरी आधीच खोदून ठेवलेले होते.

दुपार कलताना वाटसरू बेडशास पोहोचतो. बेडशाचे लेणे पूर्वाभिमुख आहे, म्हणून तिसऱ्या प्रहरी तेथेही सावली असते. चैत्यगृहाच्या ओसरीतील उत्तुंग स्तंभ आणि त्यांवरील प्राण्यांवर बसलेली स्त्रीपुरुषांची युग्मे पाहून कोणीही थबकतो. आमच्या वाटसरूचे पाऊल मात्र आधी टाक्याकडे वळले असणार. त्या टाक्यावरील लेखात दात्रीचे नाव आहे : महाभोजाची कन्या, महारठिनी सामडिनिका; अपदेवणक याची पत्नी. जिला स्वतःला एकटीने ही वाट चालण्याची सोय नव्हती, अशा युगातील एका स्त्रीने वाटेने येणाऱ्या प्रत्येकासाठी पाणी ठेवले.

बेडशास आणखी एक लेख आहे. एका लहान स्तूपावर गोभूती नावाच्या भिक्खूचे स्मरण कोरलेले आहे. तो अरण्यात राहणारा होता, भिक्षान्नावर जगणारा होता आणि मारकूड येथील निवासी होता, असे त्यात म्हटले आहे. एकाकी विहाराचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? परंतु हा स्तूप गोभूतीने स्वतः उभारलेला नाही. तो त्याच्या आसाळमित नावाच्या शिष्याने उभारला. म्हणजे अरण्यवासी गोभूतीजवळ शिकणारे होते. त्याने राखलेला एकांत दुसऱ्यांच्या उपयोगी पडला होता, आणि म्हणूनच त्याचे नाव आपल्यापर्यंत आले. गोभूतीचा स्तूप आणि सामडिनिकेचे टाके एकाच लेण्याच्या अंगणात आहेत. बाबासाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस या अंगणात दिसते. एकट्याने राहणारा भिक्खू समाजाच्या पाण्यावर जगला आणि त्याने जे मिळविले ते समाजाला परत दिले. या व्यवहारातील एक बाजू तुटली, तर दुसरी निरर्थक होते.

हा समाज केवळ महारठी-महाभोजांचा नव्हता. बेडशाहून पुढे पुण्याच्या वाटेवर शेलारवाडीचे लेणे लागते. तेथील एक लेणे धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबिकाच्या पत्नीने, सिअगुतणिकेने, दिलेले आहे. शेतकऱ्याच्या घरातील स्त्रीने कातळात लेणे कोरवून घ्यावे, ही घटना त्या काळच्या धम्मसंघटनेविषयी पुष्कळ सांगून जाते. याच शेलारवाडीच्या परिसरातील देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. जुन्या वाटेवर नव्या काळातील एक विहार उभा राहिला.

पायी चालणारे दोन अभ्यासक

ही वाट पुन्हा डोळ्यांसमोर आणण्याचे श्रेय पुण्याशी निगडित असलेल्या एका पिता-पुत्रांकडे जाते. आचार्य धर्मानंद कोसंबी १८९९ साली गोव्यातील घर सोडून पुण्यास आले. त्यांना बुद्धाचा धम्म शिकावयाचा होता. कार्ल्याची लेणी पुण्यापासून अवघ्या साठ किलोमीटरांवर होती; पण तेथील भिक्खूंची भाषा आणि त्यांचे ग्रंथ शिकविण्याची व्यवस्था त्यांना पुण्यात लाभली नाही. काही काळ संस्कृताचा अभ्यास करून ते काशीस गेले. १९०२ साली डोंगर पायी ओलांडत नेपाळात पोहोचले. तेथेही निराशाच पदरी आल्यावर बुद्धगया आणि कलकत्तामार्गे श्रीलंकेस गेले आणि तेथे त्यांना पाली आणि प्रव्रज्या लाभली. पुढे १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. ज्या नगरीत एका तरुणाची तहान भागली नव्हती, त्याच नगरीत त्याने परत येऊन इतरांसाठी सोय केली. 'निवेदन' हे त्यांचे आत्मकथन या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

त्यांचे पुत्र प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणितज्ञ. १९३३ पासून ते फर्ग्युसन महाविद्यालयात होते व पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, तरी त्यांचे घर पुण्यातच राहिले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि मावळातील वाटा त्यांनी वर्षानुवर्षे पायी तुडविल्या. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथातील मातृदेवतांच्या स्थानांविषयीचे आणि पश्चिम दख्खनच्या प्रागितिहासाविषयीचे प्रकरण या भ्रमंतीतून जन्मले. देवीचे ठाणे जेथे आहे तेथे अनेकदा जुनी वाट वा वाटांचा तिठा असतो. तेथे अकीक-गारगोटीच्या जातीच्या दगडांची सूक्ष्म अश्मास्त्रे मिळतात. त्याच वाटांनी पुढे व्यापारी तांडे गेले आणि त्याच वाटांवर भिक्खूंनी लेणी कोरविली, असा क्रम त्यांनी मांडला. पावसाबरोबर आणि चाऱ्याबरोबर वर-खाली फिरणाऱ्या पशुपालकांच्या पायांनी या वाटा प्रथम पाडल्या. पावसाळा संपल्यावर कोरड्या मुलखातून कोकणाकडे उतरणारे धनगर हे त्या जुन्या चालीचे वारस होत. १९५५ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी धेनुकाकट हे कार्ल्याच्याच परिसरात असावे असे प्रतिपादन केले. विद्वानांत या स्थाननिश्चितीविषयी मतभेद आहेत. पण तिच्यामागील पद्धती महत्त्वाची आहे. त्यांनी लेख वाचला आणि मग तो ज्या जमिनीवर कोरला गेला ती जमीन चालून पाहिली.

या पद्धतीमुळे आपल्या चळवळीतील एका नेहमीच्या वादावरही प्रकाश पडतो. कार्ल्यास चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरेचे मंदिर आहे, बेडशाच्या विहारात शेंदूर फासलेली यमाई आहे, शेलारवाडीस चैत्यगृहात शिवलिंग पूजले जाते, जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या विहारात गणपती आहे. यांतील प्रत्येक गोष्ट एकाच स्वरूपाचे अतिक्रमण आहे, असे आपण सरसकट म्हणतो. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे भेद केला पाहिजे. स्तूपाच्या जागी लिंग येणे किंवा भिक्खूंच्या विहाराचे गणपतीचे देऊळ होणे, ही बौद्ध वास्तूच्या रूपांतराची उघड उदाहरणे आहेत आणि ती तशी नोंदविली गेलीच पाहिजेत. देवीची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही. आजची मूर्ती आणि मंदिर कितीही अलीकडचे असले, तरी वाटेवरच्या मातृदेवतेचे ठाणे भिक्खूच्या आधीचे असण्याचा संभव कोसंबींनी दाखविला आहे. ती देवी कोळ्यांची, धनगरांची, गुराख्यांची. ब्राह्मणी पुराणांत तिला नाव मिळाले ते नंतर. भिक्खू लोकांच्या वाटेवर आले, म्हणून लोकांच्या देवतेशेजारी आले. चैत्रात मुंबईच्या किनाऱ्यावरून एकवीरेस येणारा कोळी समाज आजही बोरघाटाचीच दिशा धरतो. त्याला परका मानण्यापेक्षा, त्याच्या पूर्वजांच्या वाटेवर आपले भिक्खू उभे राहिले होते हे त्याला समजावून देणे अधिक धम्माला धरून होईल.

महाडची पोढी

बोरघाटाच्या दक्षिणेस याच सह्याद्रीतून भोरवरून वरंध घाटाची वाट कोकणात उतरते आणि महाडला पोहोचते. महाडजवळ गांधारपाले येथे बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. तेथे कुमार काणभोज विण्हुपालित याचा दानलेख आहे. त्याने दिलेल्या गोष्टींत लेणे आहे, चैत्यगृह आहे, आठ खोल्या आहेत. त्यांशिवाय लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन पोढ्या आहेत आणि लेण्याशी जोडलेली एक वाट आहे. पाणी आणि वाट ही दोन्ही दाने एकाच लेखात, एकाच दगडावर कोरलेली आहेत.

त्याच महाडात, त्या लेण्यांपासून काही अंतरावर, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याकडे चालत जावे लागले. मुंबई विधिमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव संमत झाला होता, नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही माणसांना पाणी पिण्यासाठी मोर्चा काढावा लागला आणि पाणी प्याल्याबद्दल मार खावा लागला. न्यायालयातील झगडा त्यानंतर दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. चुल्लवग्गातील कथेत एका भिक्खूने दुसऱ्याला गाळणे नाकारले, त्याची तथागतांनी निर्भर्त्सना केली. महाडात एका समाजाने दुसऱ्या समाजाला तळेच नाकारले. चारी दिशांहून येणाऱ्यासाठी पोढी खोदणाऱ्या संस्कृतीपासून, शेजाऱ्याला तळ्यावर मारणाऱ्या संस्कृतीपर्यंत या भूमीचा प्रवास झाला होता. धम्माचा येथून लोप झाला म्हणजे काय झाले, याचे मोजमाप करावयाचे असेल तर ते मोडलेल्या मूर्तींच्या संख्येने करू नये. पाण्याच्या या व्यवहाराने करावे.

म्हणून महाडचा सत्याग्रह ही आमच्या दृष्टीने धम्मक्रांतीची पूर्वतयारी एवढीच गोष्ट नाही. काणभोजाच्या पोढीचा अर्थ पुन्हा प्रस्थापित करण्याची ती कृती होती. ज्यांच्या हाती ना सत्ता होती ना ग्रंथ, त्यांनी तो अर्थ ओंजळीने सिद्ध केला.

आज लेण्यांची स्थिती काय आहे? वास्तूंना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. पण टाक्यांत प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगतात आणि पाण्यावर शेवाळ दाटलेले असते. वाटांना तर कोणतेच संरक्षण नाही. पुण्यातील वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावावरून अलीकडे मोठा वाद झाला. अशा टेकड्या तुटतात तेव्हा झाडांइतकाच प्राचीन पाऊलवाटांचा आणि त्यांवरील अश्मास्त्रांचा पुरावाही नष्ट होतो, हे आपल्या समाजातील अभ्यासकांनी ठणकावून सांगावयास हवे. लेणे म्हणजे केवळ कोरलेली खोली नव्हे. लेणे, पोढी आणि वाट मिळून एक संस्था होते. त्यांपैकी एकच जपले तर इतिहासाचा एक तुकडा जपला जातो, अर्थ हरवतो.

आमच्या वाचकांतील तरुणांना आमची एक सूचना आहे. लेण्यांस वंदन करावयास आपण पौर्णिमेस समूहाने जातो, ते योग्यच आहे. पण एकदा माघ-फाल्गुनात, पहाटे निघून, थोडे पाणी आणि थोडी भाकरी बरोबर घेऊन, कार्ल्याहून भाजे आणि भाज्याहून बेडसे ही वाट पायी पुरी करावी. घरी आणि गावात सांगून जावे. ज्यांना सोबत हवी त्यांनी सोबत घ्यावी. आणि ज्या भगिनींना पूर्वी ही वाट बंद होती त्यांनी ती अवश्य चालावी. वाटेत प्रत्येक लेण्याजवळची टाकी मोजावीत, कोणत्या टाक्यात कोणत्या महिन्यात किती पाणी आहे याची नोंद करावी, पन्हाळी कोठून कोठे जातात ते रेखाटावे, टाक्यावर लेख असल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे. अशी दहा वर्षांची नोंद दहा जणांनी केली, तर पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांच्या जलव्यवस्थेचा इतिहास लिहिण्यास पुरेशी सामग्री जमा होईल. त्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि परतताना आपल्या वस्तीतील विहाराच्या दारात वाटसरूसाठी पाण्याचा माठ भरलेला आहे की नाही, तेही पाहावे. चारी दिशांहून येणाऱ्या कोणालाही, त्याची जात न विचारता, त्यातून पाणी मिळत असेल तर सामडिनिकेचे दान अजून आटलेले नाही, असे समजण्यास हरकत नाही.